‘मिडवाइफ’ला सुईण म्हणायचं का?

अनुवादिनी: स्वीडनमध्ये नव्याने आलेल्या मराठी बायकांसाठी माहितीपत्रक लिहितेय. इथे निरोगी बाईला गर्भनिरोधक गोळ्या मिडवाइफच लिहून देते, तांबीही तीच बसवते, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचणीचा नमुनाही तीच घेते. मी लिहिलं ‘सुईण’. बहिणीने वाचलं नि हसत सुटली, “तांबी बसवायला सुईणीकडे? तिला मूल होताना बोलवतात की होऊ नये म्हणून?”

जुनापुराणा: ‘प्रसाविका’ हा तयार शब्द असताना शोधाशोध कशाला?

अनुवादिनी: त्यातही प्रसवच आला ना! अडचण तीच.

टाकसाळ: सुईण म्हणजे सुईने टाके घालणारी, असं आजी सांगायची.

जुनापुराणा: आजींना नमस्कार, पण सुईचा इथे काही संबंध नाही. सूति म्हणजे प्रसूती, त्यातून सुईण. सूतिका, सुवेर, सूतक सगळी त्याच घरातली.

नर्सबाई: उपकेंद्रात बावीस वर्षं काढली. एएनएममधला शेवटचा एम मिडवाइफचाच. भरतीच्या जाहिरातीत आम्ही ‘सहाय्यकारी परिचारिका प्रसाविका’. त्या नावाने गावात एकदाही हाक आली नाही. ‘सिस्टर’, म्हाताऱ्या ‘नर्सबाई’. एक सून दर महिन्याला डोकं दुखतंय म्हणून यायची. सोबतची सासू बाहेरच्या बाकावर टेकली की हळूच म्हणायची, “माला-डी संपली.” मी गर्भनिरोधक गोळ्यांचं ते पाकीट पॅरासिटामॉलच्या पुडीत घालून द्यायची. हे काम सुईणीचं म्हणा नाहीतर कुणाचं. आणि सुईणीला हसू नका. नवीन असताना कुठल्या घरी कोण गरोदर आहे ते मला गावच्या सुईणीनेच दाखवलं.

दख्खनी: मग ‘दाई’ लिहा, सगळ्यांना कळतं.

जुनापुराणा: फारसी! शिवाय दाई म्हणजे मूल सांभाळणारीसुद्धा.

दख्खनी: फारसी चालत नसेल तर ‘जाहिरात’, ‘कागद’ही सोडा. बसा ताडपत्रावर लिहीत.

पाट्या_वाचणारा: केंद्राच्या 2018च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये 18 महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या नर्सना ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ म्हटलंय. एवढं लांबलचक नाव बाळंतिणीने कळा देताना घ्यायचं?

अनुवादिनी: स्वीडिश शब्दात तर ‘मूल’ आणि ‘आई’ आहेत, तरी त्याच बाईकडे सोळा वर्षांची मुलगी गोळ्या मागायला जाते, कुणाला खटकत नाही. इंग्रजीतल्या ‘मिड’चा जुना अर्थ ‘सोबत’, ‘वाइफ’चा ‘बाई’. बाईसोबत असणारी. असं काहीतरी मराठीत हवंय.

टाकसाळ: ‘सखी’?

नर्सबाई: नको हो. प्रत्येक योजनेत एक सखी असते.

कोकणातली: जुनापुराणा, ‘सुवेर’वरून आठवलं. ‘सोयरसुतक नाही’ यातलं सोयर म्हणजे सोयरीक ना?

जुनापुराणा: नव्हे! जन्माचं सोयर, मरणाचं सुतक. गंमत म्हणजे संस्कृतात सूतक मुळात जन्माचंच.

दख्खनी: आमच्याकडे दोन्हीला विटाळच म्हणतात.

कोकणातली: आमच्याकडे सुवेर दहा दिवस. बाराव्याला बारसं.

अनुवादिनी: शुक्रवारी छपाई आहे. तूर्त ‘मिडवाइफ’ ठेवून पुढे ‘(प्रशिक्षित नर्स)’ लिहिलंय.

जुनापुराणा: कंसातही इंग्रजीच!

टाकसाळ: टाक्यांचं मात्र मला अजून पटलेलं नाही.