शंभरी ओलांडलेल्या घराला कसलं स्वयंपाकघर शोभेल?

माशेलकरीण
आमचं घर गोव्यात, माशेलला. जांभ्याचे चिरे मातीत बसवून बांधलेलं, मधे राजांगण आणि तुळस, स्वयंपाकघर मागच्या अंगाला. सासूबाई ब्याऐंशीच्या आहेत, त्यांच्या आजेसासऱ्यांनी हे बांधलं. चूल अजून आहे, शेजारी वायन, म्हणजे कांडायचं उखळ, कोपऱ्यात जमिनीत बसवलेला वाटणाचा रगडा. वासे धुराने काळेभोर.

दिवाळीपर्यंत हे नीट करायचं ठरलंय, पण कोणत्या तऱ्हेचं, तिथेच घोडं अडलंय. दुकानात तीन नमुने दाखवले. पांढरं चकचकीत मॉड्युलर, लाकडासारखं दिसणारं लॅमिनेट, नाहीतर भिंतभर निळ्या-पांढऱ्या ‘पोर्तुगीज’ टाइल्स. दिरांना टाइल्स आवडल्यात. मला यातलं काहीच त्या खोलीचं वाटत नाही, पण का ते धड सांगता येत नाही, म्हणून घरात माझं कोणी ऐकत नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “रगडो हांगाच रावतलो.” रगडा इथेच राहणार.

जुनी_कौलं
ताई, नमुना निवडायच्या आधी भिंत बघा. जांभा पावसाळ्यात पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा नि टाइल्स चढवल्या की ओल आत कोंडते आणि खार फुटतो. शिरोड्याच्या आमच्या घरी मी हेच करून बसलो. चौथ्या पावसाळ्यात ओट्यामागचा गिलावा फुगून हातात आला. सगळा खरवडून चुन्याचा केला, तेव्हा कुठे भिंत सुकली. चुन्याला वेळ द्यावा लागतो, पाऊस पूर्ण गेल्यावरच काम काढा. यंदाची दिवाळी सोडून द्या.

मातीतल्या चिऱ्यांवर भांड्यांनी भरलेली कपाटं लटकवू नका. पायांवर उभी, भिंतीपासून चार बोटं सुटी, म्हणजे मागून वारा खेळेल. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी, तर आपल्या हवेत फुगतोच.

आणि चूल मोडू नका. आमच्याकडे गॅस आला, चूल बंद पडली, आणि काही वर्षांत वाशांखाली पिवळा भुसा दिसू लागला. इतकी वर्षं धुराने कीड लांब ठेवली होती. आठवड्यातून एकदा पाणी तापवायला का होईना, पेटवा.

निळी टाइलचित्रं पणजीला मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनात आहेत, १९३५ सालची. तिथे ती फार सुंदर दिसतात. आपल्या फोंडा म्हालात, म्हणजे तालुक्यात, पोर्तुगीज अंमल आला १७६३ला, पण त्यानंतरही दोनशे वर्षांनी माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात चुन्याची भिंत आणि सारवलेली जमीनच होती. दिरांना हे सांगून बघा.

बांदोड्याची_मावशी
गो बाय, ओट्याला संगमरवर घेऊ नकोस. सोलांचं आगळ, म्हणजे कोकमाचा आंबट रस, सांडलं की चकाकी खाऊन टाकतं, मग कितीही घास. कडप्पाही चुनखडीचाच दगड, आंबटाने निस्तेज होतो. काळा ग्रॅनाइट घे, आरशासारखा पॉलिश केलेला नको, मंद घासलेला. चुलीजवळ तोच शोभतो.

उंची तुझ्या कोपराला लावून ठरव. दुकानवाले सरसकट ३४ इंच करतात. मी जेमतेम पाच फूट, ३१ इंचांचा करून घेतला तेव्हा खांदे दुखायचे थांबले. सिलिंडरच्या कप्प्याला खालच्या बाजूला जाळी हवीच, गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो.

सासूबाई अजून खवायला-चिरायला आदाळीवर, म्हणजे विळीवर, बसत असतील तर राजांगणाकडच्या दाराजवळची जमीन मोकळी ठेव. उजेड तिथेच चांगला येतो. त्यांची जागा गेली की त्या स्वयंपाकघरात यायच्याच बंद होतील. माझ्या आईचं तसंच झालं.

माशेलकरीण
मावशी, तुमचं शेवटचं वाक्य वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. सासूबाई रोज सकाळी त्याच दाराशी बसून नारळ खवतात. ती जागा हलणार नाही.

आज दिरांना चुलीमागच्या भिंतीवर तळवा टेकवायला सांगितला. ओला निघाला. त्यांनी टाइल्सचं नाव सोडलं. आता भिंती चुन्याच्या, ओटा काळ्या ग्रॅनाइटचा, आणि माळ्यावर पडून असलेलं फणसाचं कपाट खाली आणून भांड्यांना. काम डिसेंबरात.

एक विचारायचं राहिलं. वाशांवरचं काजळ घासून काढायचं का? गवंडी म्हणतो, पॉलिश मारतो.

जुनी_कौलं
मारू देऊ नका. कोरड्या कुंच्याने जळमटं तेवढी काढा.