पहिलीच गिअरची गाडी, तीही क्रूझर (बुटकी, ऐसपैस बसायची बाइक): रॉयल एनफील्ड मीटिऑर ३५० की बजाज ॲव्हेंजर २२०?

नमस्कार मंडळी. आठ वर्षं स्कूटर चालवतेय, गिअरवाल्या गाडीचं लायसन्स यंदाच काढलं. उंची ५ फूट २ इंच. रोजचं कात्रज ते हिंजवडी, म्हणजे निम्मा वेळ क्लच दाबूनच. महिन्यातून एखादा रविवार ताम्हिणी किंवा भोरकडे. बजेट ऑन-रोड अडीच लाख, त्यातच हेल्मेट-जॅकेटही बसवायचंय.

क्लासिक ३५० वर बसून पाहिलं, सीट ८०५ मिमी, नुसते चवडे टेकतात. ती बाद. मीटिऑरची ७६५, दोन्ही पाय नीट टेकले. टेस्ट राइडला सरळ रस्त्यावर मजा आली, पण यू-टर्न घेताना गाडी बंद पडली आणि १९१ किलो एका पायावर आले. मागून शोरूमचा पोरगा धावला म्हणून वाचले! ॲव्हेंजर २२० ची सीट ७३७, वजन १६३ च्या आसपास. हाताळायला सोपी वाटली, पण एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) फक्त पुढच्या चाकाला, आणि पावसाळ्यातला घाट आठवला की तिथेच अडते.

सोसायटीचं पार्किंग उतारावर आहे, गाडी रोज मागे ढकलत काढावी लागणार. मागे कुणी बसणार नाही. 'बुलेटच घे' हा सल्ला घरून मिळालाय, तो कृपया नको.

माझ्याएवढ्या उंचीच्या कुणी मीटिऑरवरच शिकलंय का? ते वजन किती दिवसांत अंगवळणी पडलं? की वर्षभर सेकंडहँड ॲव्हेंजर चालवून मगच तिकडे वळू?