रॉबर्ट वाइजला थोर दिग्दर्शकांत का धरत नाहीत?

रातराणी: काल रात्री परत 'द हॉन्टिंग' (१९६३) बघितला. भूत एकदाही दिसत नाही, नुसता लाकडी दरवाजा फुगतो आणि भिंतीपलीकडून धपधप आवाज येत राहतो, तरी अंगावर काटा येतो. आणि याच माणसाने दोन वर्षांनी 'द साउंड ऑफ म्युझिक' केला!! बॉक्सिंग, परग्रहावरचा पाहुणा, म्युझिकल, युद्धपट सगळं केलं, डायरेक्शनची दोन ऑस्कर घेतली (एक जेरोम रॉबिन्सबरोबर), तरी लोक हिचकॉक, फोर्ड, हॉक्स म्हणतात आणि याचं नाव कुणी काढत नाही. मला हा अन्याय वाटतो.

तिसरा_अंक: अन्याय कसला? हिचकॉकचा सीन मधूनच लावला तरी लगेच ओळखू येतो, वाइजचं तसं काय आहे सांगा. स्टुडिओने हातात दिलं ते नीट करून दिलं, बस. आणि १९४२ मध्ये दिग्दर्शक ऑर्सन वेल्स ब्राझीलला असताना त्याचा 'द मॅग्निफिसंट ॲम्बरसन्स' ४० मिनिटांपेक्षा जास्त कापला गेला, तेव्हा एडिटर हाच होता ना. मी तरी नाही माफ करू शकत.

रातराणी: अहो तो २७ वर्षांचा पगारी एडिटर होता, कॅलिफोर्नियातल्या पोमोनाला रिलीजआधी प्रिव्ह्यू ठेवला तर लोक नको तिथे हसले आणि आरकेओ स्टुडिओवाले घाबरले, तो नाही म्हणाला असता तर दुसऱ्या कुणी कापलं असतं. वेल्सचा 'सिटिझन केन'पण वाइजनेच एडिट केलाय, ते कसं विसरता?

एडिटिंग_टेबल: त्याची शैली कटमध्ये शोधा. 'द सेट-अप' (१९४९) बघा, ७२ मिनिटांचा पिक्चर, गोष्टपण जवळपास तेवढ्याच वेळात घडते. फाइट चालू असताना तो सारखा प्रेक्षकांवर कट करतो, एक आंधळा माणूस शेजाऱ्याकडून मॅच ऐकतोय, एकजण कानाला रेडिओ लावून बेसबॉल ऐकतोय. ठोसे रिंगमध्ये पडतात पण आपल्याला किळस येते ती या लोकांची.

तिसरा_अंक: 'सेट-अप' मान्य, एकदम मान्य. मग १९७९ च्या 'स्टार ट्रेक'मध्ये ती कात्री कुठे गेली? एंटरप्राइज या अंतराळयानाभोवती नुसती चक्कर चाललीय, संपतच नाही.

एडिटिंग_टेबल: रिलीजची तारीख आधीच ठरली होती, इफेक्ट्स अगदी शेवटी हातात आले, नीट एडिट करायला वेळच मिळाला नाही त्याला. २००१ मध्ये ऐंशी ओलांडलेली असताना त्याने तो परत हातात घेतला, नवीन एडिट काढला. काम मनासारखं झालं नाही म्हणून २२ वर्षांनी परत येणाऱ्याला हुकमाचा नोकर कसं म्हणणार?

तिसरा_अंक: बघतो ती आवृत्ती, नक्की. पण वाइजला २२ वर्षांनी परत टेबलावर बसता आलं. वेल्सला नाही बसता आलं, कारण कापलेली फिल्म आरकेओने नष्ट करून टाकली होती.