मदत हवी आहे: ॲझेलाइक ॲसिड लावल्यावर चेहरा चुणचुणतो, लावत राहू की थांबवू?

नमस्कार. मी सांगलीत राहते, वय २८. मार्केट यार्डात हळदीच्या एका आडत दुकानात हिशेबाचं काम करते. प्रश्न चेहऱ्याचा आहे. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "जळजळ होते का?" आणि मला धड सांगता आलं नाही. "होते पण आणि नाही पण," असं काहीतरी बोलले. फोन ठेवल्यावर फार वाईट वाटलं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला मुरूम कॉलेजपासून आहेत. पाळीच्या आधी चार-पाच दिवस मोठे, दुखरे येतात आणि जाताना तपकिरी डाग ठेवून जातात. लग्न ठरलं तेव्हा ओळखीच्या मेडिकलमधून एक ट्यूब आणली. चिठ्ठी नव्हती, कुणी मागितलीही नाही. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला की बायका विचारायला लागल्या, काय लावतेस गं? ती ट्यूब मी जवळजवळ वर्षभर लावली. एकदा संपली म्हणून चार दिवस लावायची राहिली, तर गाल लालभडक, बारीक फोड्या, आणि ऊन लागलं की नुसती भगभग. तेव्हा कुठे मिरजेला स्किनच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरं मला वाचून दाखवली: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. यातलं मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड. मी वर्षभर त्याला पिंपल्सचं मलम समजत होते.

ते बंद करून सात महिने झाले. पहिले तीन महिने कसे काढले ते आता आठवायलाही नको वाटतं. नंतर डॉक्टरांनी ॲडापलीन दिलं, त्याने मुरूम कमी झाले. पण आता आम्हाला बाळाचा विचार करायचा आहे. ते सांगितल्यावर त्यांनी ॲडापलीन थांबवलं आणि ॲझेलाइक ॲसिड सुरू केलं. आधी १० टक्क्यांचं, फक्त रात्री, पाच आठवडे. काही म्हणजे काही त्रास झाला नाही. आता बारा दिवसांपासून २० टक्क्यांचं आहे, सकाळी आणि रात्री.

होतं असं की, लावल्यावर दोन-तीन मिनिटांत हनुवटीवर मुंग्या चावल्यासारखं होतं. मुंग्या येतात तसं नाही, चावतात तसं. मग खाज सुटते, नाकाच्या कडेला जास्त. दहा-पंधरा मिनिटांत उतरतं. हे रोजचं. पण गेल्या रविवारी रात्री वेगळंच झालं. अर्धा तास झाला तरी कमी होईना, गाल तापले, शेवटी ओला रुमाल तोंडावर घेऊन पंख्याखाली बसले. सकाळी ओठांच्या कोपऱ्यात कातडी कोरडी, हसलं की ताणल्यासारखी.

सासूबाई म्हणतात, सोड ते, नावातच ॲसिड आहे. त्यांचं चुकतं असं मला म्हणवत नाही, मागचं सगळं त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. नवरा म्हणतो डॉक्टर सांगतील ते कर. माझं मन दोन्हीकडे ओढतं. एका ट्यूबने एवढं केल्यावर दुसऱ्या ट्यूबवर विश्वास बसायला वेळ लागतो.

ज्यांनी हे लावलंय त्यांनी कृपया सांगा: ही चुणचुण सोसायची असते का? किती दिवस? आणि कुठल्या क्षणी थांबायचं? डॉक्टरांकडे पुढची तारीख महिनाभराने आहे.

तासगावची_लेक

ताई, मलाही पहिले तीन आठवडे असंच व्हायचं. मी घाबरून दहाव्या दिवशी सोडलं. दोन महिन्यांनी परत त्याच डॉक्टरांकडे गेले, त्यांनी तेच दिलं, आणि या वेळी टिकून राहिले. मधले दोन महिने फुकट गेले, डाग आणखी गडद झाले. आधी डॉक्टरांना फोन करा, आपल्या मनाने बंद करू नका.

औषधांच्या_दुकानातून

मी मिरजेत मेडिकलमध्ये काम करते, डी. फार्म झालंय. तुम्हाला चिठ्ठीशिवाय ती ट्यूब मिळाली हे वाचून वाईट वाटलं. स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत हा नियम २०१८ मध्ये कडक झाला, तरी गोरेपणासाठी म्हणून मागणारी रोज दोन-तीन जणी येतातच. मी परत पाठवते. काही रागावून जातात.

उत्तर देण्याआधी चार गोष्टी विचारते. चेहरा धुतल्यावर किती वेळाने लावता? एका वेळी किती घेता? अजून काय काय लावता, घरगुतीसुद्धा सांगा. आणि रविवारी वेगळं काय केलं होतं?

(धागा लिहिणारी)

धुतल्यावर लगेच. टॉवेलने टिपते आणि लावते. दोन बोटांवर येईल एवढं घेते, कारण जबड्यापासून कपाळापर्यंत पुरवायचं असतं. दुसरं औषध काही नाही.

घरगुती म्हणाल तर रविवारी दुपारी सासूबाई बेसन, साय, हळद आणि वरून लिंबू पिळून लेप लावून देतात. लग्नाआधीपासून त्यांच्या घरातली पद्धत आहे. खरं सांगायचं तर तुम्ही विचारेपर्यंत रविवार आणि तो लेप यांची मी सांगडच घातली नव्हती.

आणि एक. सध्या सौद्याचे दिवस आहेत. पोती फोडून ढीग लावतात तेव्हा दुकानात धूळ असते, संध्याकाळी रुमालाने कपाळ पुसलं की रुमाल पिवळा होतो.

औषधांच्या_दुकानातून

बरंचसं उत्तर तुमच्या लिहिण्यातच आलं.

लिंबू पहिल्यांदा बंद. दुपारी लिंबाने कातडी सोलवटली आणि रात्री त्यावर २० टक्क्यांचं ॲसिड गेलं, मग आग होणारच. हळदीनेही काहींच्या कातडीला ॲलर्जी येते आणि तुम्ही तर दिवसभर तिच्यातच असता. घरी आल्यावर साध्या पाण्याने आणि सौम्य फेसवॉशने एकदा धुवा, चोळू नका. सासूबाईंना नुसती साय लावू द्या म्हणणार होते, पण मुरमांवर तेलकट सायही नको. त्यांना सांगा, तीन महिने सुट्टी.

दुसरं, ओल्या चेहऱ्यावर लावू नका. ओल्या कातडीत औषध पटकन आणि जास्त शिरतं, म्हणून जास्त चावतं. धुऊन पंधरा-वीस मिनिटं थांबा, तेवढ्यात भांडी आवरून होतात. मग साधा, वासाचा नसलेला मॉइश्चरायझर लावा, तो मुरला की त्यावर औषध. सगळ्या चेहऱ्याला मिळून मोठ्या वाटाण्याएवढं पुरतं. पाच ठिकाणी ठिपके द्या आणि पसरा. ओठांचे कोपरे, नाकपुड्यांच्या कडा आणि डोळ्यांभोवती लावायचं नाही. तिथे आधी थोडं व्हॅसलिन लावलंत तर औषध सरकून तिकडे जात नाही.

आता सोसायचं किती ते. लावल्यावर चुणचुण, खाज, थोडी चरचर, आणि वीस-तीस मिनिटांत शांत: हे पहिल्या दोन ते चार आठवड्यांत बऱ्याच जणांना होतं आणि हळूहळू जातं. आग तासनतास राहिली, सकाळी उठल्यावरही गाल लाल असले, पापुद्रे निघायला लागले, तर दोन-तीन दिवस थांबून नुसता मॉइश्चरायझर लावायचा आणि मग एक रात्र आड सुरू करायचं. हे डॉक्टरांच्या कानावर घालून करा, ते बहुधा हेच सांगतील. पण चेहरा किंवा पापण्या सुजल्या, अंगावर गांधी उठल्या, श्वासाला त्रास झाला, तर ताबडतोब बंद आणि दवाखाना. दमा असलेल्यांचा दमा या औषधाने वाढल्याची क्वचित उदाहरणं आहेत, म्हणून तुम्हाला दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

तुमच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. वर्षभर स्टेरॉइड लावून कातडी पातळ झालेली असते. सात महिन्यांत ती पूर्ण भरून आलीच असेल असं नाही. दुसऱ्या कुणाला जे नुसतं चुणचुणेल ते तुम्हाला चावेल. त्यात तुमची चूक नाही.

बाळाचा विचार करताना डॉक्टरांनी हे का निवडलं तेही सांगते, म्हणजे घरात सांगता येईल. कातडीवर लावलेल्यापैकी साधारण चारच टक्के अंगात जातं. शिवाय हा पदार्थ गहू, जव, राय या धान्यांत असतो, म्हणजे जेवणातून थोडाफार आपल्या अंगात असतोच. गरोदरपणातही डॉक्टर हे देतात. तरी दिवस राहिले की त्यांना लगेच कळवायचंच.

पलूसहून

मी पुरुष आहे, ३१. द्राक्षबागेत दिवसभर उन्हात असतो. मुरमांपेक्षा मला डागांनी छळलं होतं. हेच औषध, रात्री. मुरूम महिन्याभरात कमी वाटले, डागांना मात्र चौथा महिना लागला. रोज आरशात बघून काही कळत नाही. मी महिन्यातून एकदा, एकाच खिडकीशी, सकाळी एकाच वेळेला फोटो काढायचो. तिसऱ्या महिन्यापर्यंत फरक नाही असंच वाटायचं. चौथ्याचा पहिल्याशेजारी ठेवला तेव्हा दिसला.

या औषधाने ऊन जास्त लागतं असं नाही, पण ऊन लागलं की डाग काळे पडतात, मग रात्रीची मेहनत दिवसा वाया. सनस्क्रीन लावाच. गाडीवर स्कार्फ बांधत असाल तर सुती घ्या आणि रोज धुवा. घामाचा स्कार्फ हनुवटीवर दिवसभर घासतो, मुरूम तिथेच येतात.

कृष्णाकाठ

गहू वाचून कुणी कणकेचा लेप लावू नका, एवढं आधी सांगतो. त्यातलं प्रमाण नगण्य असतं आणि असं लावून ते कातडीत जात नाही.

या औषधाचा शोध मात्र आपल्या ओळखीच्या गोष्टीतून लागला. पाठीवर, मानेवर फिकट शिबं पडतात ना, ती मालासेझिया नावाच्या बुरशीमुळे. शिबं पडलेल्या जागी कातडीचा रंग का उडतो याचा अभ्यास १९७० च्या दशकात इटलीत मार्चेला नाझारो-पोर्रो आणि त्यांचे सहकारी करत होते. ही बुरशी कातडीच्या तेलातून जे बनवते त्यात ॲझेलाइक ॲसिड सापडलं. कातडीला रंग देणारं द्रव्य बनवायला जे एन्झाइम लागतं, त्याला ते आवरतं. त्यावर पुढे काम करताना कळलं की मुरमांवरही ते चालतं: मुरमातले जंतू कमी करतं, छिद्रांची तोंडं बुजू देत नाही, सूज उतरवतं. अमेरिकेत २० टक्क्यांच्या क्रीमला मुरमांसाठी १९९५ मध्ये मान्यता मिळाली. लावायच्या अँटिबायोटिकला जंतू सरावतात, तसं याच्या बाबतीत दिसलेलं नाही. म्हणून डॉक्टर ते महिनोन् महिने चालू ठेवू शकतात.

टक्क्यांवरून आणखी एक. उद्या डॉक्टरांनी १५ टक्क्यांचं जेल दिलं तर कमी झालं असं समजू नका. जेलमधून औषध कातडीत क्रीमपेक्षा जास्त मुरतं.

तासगावची_लेक

एक विचारायचं राहिलं. ताई, पाळी वेळेवर येते का? जबड्यावर आणि पाळीच्या आधी येणारे मुरूम म्हटल्यावर माझ्या डॉक्टरांनी सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या सांगितल्या होत्या, मला पीसीओएस (पाळी अनियमित करणारा हार्मोन्सचा बिघाड) निघालं. तसं असेल तर नुसत्या मलमाने भागत नाही. बाळाचा विचार आहे म्हणून जास्तच सांगावंसं वाटलं.

(धागा लिहिणारी)

सगळ्यांचे मनापासून आभार. चार आठवड्यांनी लिहिते आहे.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला आणि या वेळी नीट सांगितलं: रोजची चुणचुण पंधरा मिनिटं, रविवारची आग तासाभराची, त्या दिवशी लिंबू लावलं होतं. त्यांनी तीन दिवस थांबायला सांगितलं, मग एक रात्र आड, सकाळचं बंद. दोन आठवड्यांनी रोज रात्री. वाटाण्याएवढं घ्यायचं ठरवलं तेव्हा कळलं की आधी मी तिप्पट तरी घेत होते. ट्यूब महिन्याच्या आतच का संपत आली होती तेही कळलं.

पाळीबद्दल विचारलंत ते बरं झालं. माझी कधी पस्तीस दिवसांनी, कधी पन्नास. लग्नाच्या धावपळीत मी ते कधी मोजलंच नव्हतं. सोनोग्राफी झाली, रक्ताचे रिपोर्ट यायचे आहेत.

सासूबाईंशी बोलणं मला सगळ्यात जड वाटत होतं. लेप नको म्हटलं तर त्यांना लागेल असं वाटत होतं. शेवटी "औषधांच्या दुकानातून" ताईंचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं, चार टक्के आणि गव्हापर्यंत. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "लिंबू मीच पिळत होते गं." पुढे बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आता रात्री मी चेहरा धुऊन आले की घड्याळाकडे त्याच बघतात आणि वीस मिनिटं झाल्याशिवाय ट्यूब हातात देत नाहीत.

दुकानातल्या सवयीने मी एक वही केली आहे. तारीख, किती मिनिटं, आणि पुढच्या रकान्यात एकच शब्द. पहिल्या आठवड्यात "चावतं" आणि "खाज" आहे, दोनदा "चरचर". गेल्या सहा दिवसांत "चुणचुण, ५ मि." आणि काल काहीच नाही, म्हणून रेघ मारली. नवे मुरूम या महिन्यात तीन आले, एरवी आठ-नऊ असायचे. डाग आहेत तसेच आहेत, खिडकीशी पहिला फोटो काढून ठेवला आहे.

परवा मिरजेला तारीख आहे. वही पर्समध्ये टाकली आहे.