मराठी टिकवायची म्हणून पोरांनी वाचायचं काय?

टिळकवाडीकर
परवा शेजारी बघितलं. नववीतला पोरगा कन्नड रहस्यकथा वाचत बसलेला. आजी म्हणाली, "मराठी घरातला तू, ठेव ते. हे शिवचरित्र घे." पोरानं दोन्ही बाजूला ठेवली आणि मोबाईल उचलला!
सीमाप्रश्नाचं ओझं पोरांच्या पुस्तकावर कशाला ओ? आम्ही शाळेत असताना सार्वजनिक वाचनालयात (1848 सालचं, बेळगावची शान) बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांच्या मागं असायचो. एका झुंजारकथेचं शेवटचं पानच फाटलेलं. खुनी कोण ते आठवडाभर वर्गात भांडून आम्हीच ठरवलं. गोष्ट कशी रचतात, ते तिथं कळलं. पुढं आपण होऊन कथाकार जी. ए. कुलकर्णींपर्यंत पोचलो. ते एकसंब्याचे, आपल्याच जिल्ह्यातले, हे तर फार उशिरा समजलं.

निपाणीचा मास्तर
तुम्ही पोचलात. माझ्या बाकावरचे सगळे झुंजारपाशीच राहिले, त्यांचं काय? हाताला येईल ते खाऊन पोट भरतंय, पण जिभेला चव लागत नाही.
आणि त्या आजीचं काय चुकलं? कन्नड शाळेत आहे, बसच्या पाटीवर आहे, ऑफिसात आहे. ते पोरगं कन्नड कुठंही शिकेल. मराठी घरात मिळाली नाही तर कुठं मिळणार?

खानापूरकडची
दोघंही पोटभर जेवून उपवासावर बोलालाय. आमच्या शाळेत पुस्तकांची एक पत्र्याची पेटी होती. चावी हेडमास्तरांकडं, आणि पुस्तकं फाटतील म्हणून पेटी उघडायचीच नाही. मी वाचलं ते भडंगाच्या पुडीचे कागद, आणि बाजारादिवशी बाबा आणायचे तो तरुण भारत. पुडीच्या कागदावर गोष्ट नेमकी मधेच तुटायची. मग दुकानदाराला म्हणायचं, पुढच्या कागदात बांधून द्या.
चौथीच्या बाई कोल्हापूरहून 'किशोर' आणायच्या. घरी न्यायचा, पण परत देताना त्यातलं काय आवडलं नाही ते सांगायचं. आवडलं ते कधी विचारलं नाही त्यांनी. म्हणजे मास्तर, कुणीतरी निवडून द्यावं हे मला पटतंय. पण "हेच वाच" म्हणणं आणि "हे बघ, कसं वाटतंय सांग" म्हणणं यात फरक आहे की नाही?

वडगावचा
मी कन्नड मीडियमचा, म्हणून माझं वेगळं. घरी दोन अंक यायचे, आजोबांचा मराठी चांदोबा आणि माझा कन्नड चंदामामा. चित्रं तीच. खांद्यावर प्रेत घेतलेला विक्रम दोन्हीकडं. दोन्ही पानं शेजारी मांडायची आणि चित्राखालची ओळ ओळीला लावायची. कन्नडात बेताळ, मराठीत वेताळ. मराठी वाचायला मी असा शिकलो, शाळेत नाही. त्या पोराचं कन्नड पुस्तक काढून घेतलं, तर शेजारी मांडायला काय उरलं?

निपाणीचा मास्तर
तुमच्या घरी आजोबा होते, मराठी अंक होता. तेच म्हणालोय मी. अंक विकत कुणी घेतला? मोठ्यांनीच ना!

टिळकवाडीकर
बरं, एवढं मान्य. घरात ठेवायचं काम मोठ्यांचं. पण ठेवून गप बसायचं, मागं लागायचं नाही. शिवचरित्र त्या आजीनं नुसतं खाटेवर टाकून ठेवलं असतं तर पोरानं एखाद्या दुपारी उचललंही असतं.
खानापूरच्या ताई, ती पेटी आहे काय अजून? माझ्याकडं पोतंभर पुस्तकं पडून आहेत. अर्नाळकर धरून.

खानापूरकडची
आहे. चावी आता माझ्याकडं, तिथंच शिकवते मी. पाठवा. कन्नड असली तरी चालतील, मास्तरांना सांगू नका. शेवटची पानं आहेत की नाहीत तेवढं बघून पाठवा.