पंचगंगेच्या पाण्यातले फ्लॉक न मोडता मोजायचे कसे?

नदीकाठची: नमस्कार. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी राजाराम बंधाऱ्याजवळचं पाणी बघतेय, आधी नुसतं आणि मग तुरटी घालून. जार टेस्टमध्ये (भांड्यात तुरटी ढवळून बघण्याच्या चाचणीत) डोळ्यांना दिसणारे फ्लॉक, म्हणजे गाळाचे कण चिकटून झालेले पुंजके, पिपेटनं स्लाइडवर घेतले की नुसता भुगा दिसतो. लेझर पार्टिकल सायझर (लेझरनं कणांचा आकार मोजणारं यंत्र) मिळू शकतो. त्यावर विसंबू का?

जुना लॅबवाला: ताई, आधी पिपेटचं टोक कापून तोंड रुंद करा. जलशुद्धीकरणाच्या लॅबमध्ये माझी सगळी नोकरी गेली, म्हणून कळकळीनं सांगतो. फ्लॉक म्हणजे पाण्यानं भरलेली विरळ जाळी. अरुंद तोंडातून ओढली की ती फाटणारच. बाटली तशीच ठेवून दिली तर तळाशी सगळं एकमेकांना चिकटतं, ते नदीतलं राहत नाही. लेझर यंत्रातही पंप आणि ढवळणी असते. पंपातून जे वाचलं तेवढंच तुम्ही मोजणार, आणि तेही प्रत्येक कण गोल धरून.

त्यापेक्षा सपाट काचेची अरुंद उभी टाकी करून घ्या. मागून एलईडीचा उजेड, समोर मॅक्रो लेन्स. मोजपट्टीचा एक फोटो आधी काढून ठेवा. नमुना वरून अलगद सोडा आणि व्हिडिओ घ्या. व्हिडिओतून मापं काढायला इमेज-जे हे सॉफ्टवेअर फुकट आहे. एकाच फ्लॉकचा आकार आणि खाली बसण्याचा वेग दोन्ही हाती आले की स्टोक्सच्या सूत्रातून (कणाचा आकार, घनता आणि बसण्याचा वेग यांना जोडणाऱ्या) त्याची घनता निघते. खरी गंमत तिथं आहे! ०.२ मिलिमीटरचा वाळूचा कण सेकंदाला दोनेक सेंटीमीटर खाली जातो, तेवढाच फ्लॉक जेमतेम मिलिमीटरभर. फ्लॉक जितका मोठा, तितका विरळ. टाकीतलं पाणी आणि नमुना एकाच तापमानाला ठेवा, नाहीतर आत प्रवाह सुटतात आणि वेग खोटा येतो.

मायक्रोस्कोपवाली: सूक्ष्मदर्शकाखाली बघायचेच असतील तर कमी तापमानाला वितळणाऱ्या अगरोजमध्ये (जेलीसारख्या घट्ट होणाऱ्या पदार्थात) फ्लॉक अडकवून घे. जागच्या जागी राहतात. आणि नुसत्या टर्बिडिटीवरून (विखुरलेल्या प्रकाशावरून मोजलेल्या गढूळपणावरून) आकार ठरवू नकोस. बारीक कण जास्त प्रकाश विखुरतात, त्यामुळे फ्लॉक मोठे झाले की गाळ तेवढाच असूनही आकडा उतरतो.

नदीकाठची: टाकीचं आजच बघते. पण जुलैचं पाणी इतकं लाल असतं की कॅमेऱ्याला काहीच दिसायचं नाही. डिस्टिल्ड वॉटर घालून पातळ करू?

जुना लॅबवाला: डिस्टिल्ड नको. क्षार बदलले की कणांचं एकमेकांना धरून राहणंच बदलतं. त्याच नदीचं, त्याच दिवशीचं पाणी गाळून घ्या आणि त्यात थोडासा नमुना सोडा.