झायनच्या नॅरोजमध्ये मुलं आणि सासू-सासऱ्यांसोबत: महिना कोणता, पायताण कसलं?

कसबा_बावडा
आम्ही कोल्हापूरचे. धाकटे दीर लास व्हेगासला असतात, मेच्या सुट्टीत त्यांच्याकडे जायचं चाललंय. तिथून युटातल्या झायन नॅशनल पार्कला जाऊन व्हर्जिन नदीच्या पात्रातून, नॅरोज नावाच्या अरुंद घळीत, चालायचा बेत आहे. मुलं ६ आणि ११ वर्षांची, सोबत सासू-सासरे. सासऱ्यांचा गुडघा दुखतो. फोटोत पाणी घोट्याएवढंच दिसतंय. तारीख, पायताण आणि मुलांना किती आत न्यायचं, एवढं कुणी सांगेल का?

रंकाळा_टॉवर
ताई, आधी महिना बदला. एप्रिल-मेमध्ये वरच्या पठारावरचा बर्फ वितळतो आणि नॅरोज बहुतेक बंदच असतं. प्रवाह १५० क्युसेकच्या वर गेला की आत सोडत नाहीत. राधानगरीचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक सुटतं, हे पावसाळ्यात पेपरात वाचून वाचून आपल्याला १५० म्हणजे ओढ्याचं पाणी वाटतं. घोळ तिथंच होतो. पंचगंगेला पसरायला शिवारं आहेत. ही नदी काही ठिकाणी २०-३० फुटांच्या फटीतून जाते, दोन्ही अंगांना हजार फुटी कातळ, आणि पात्राला उतारही चांगलाच. त्यामुळं गुडघाभर पाणीसुद्धा पाय ओढतं.

७० क्युसेकच्या पुढं छातीएवढे डोह लागतात. सहा वर्षांचं पोर सोबत असेल तर ५०च्या आसपास किंवा खाली आकडा असलेलाच दिवस धरा. व्हर्जिन नदीच्या नॉर्थ फोर्क या फाट्याचा, पार्कबाहेरच्या स्प्रिंगडेल गावाजवळचा चालू आकडा अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या साइटवर दिसतो.

शाळा १५ जूनला उघडते ना? मग जूनचा पहिला-दुसरा आठवडा बघा, पण त्या वर्षी बर्फ जास्त पडला असेल तर तेव्हाही आकडा तपासूनच. जुलै ते सप्टेंबर तिकडचा वादळी पावसाचा हंगाम, तो टाळा.

पेठेतला_भटक्या
पायताणाबद्दल. कोल्हापुरी, क्रॉक्स, पट्ट्याचे फ्लोटर, सगळं हॉटेलवर ठेवा. पात्रात वाळू कमी आणि सुटे गोल गोटे जास्त, त्यांवर शेवाळ. उघड्या बोटांच्या चपलेत गोट्यांच्या मधे बोट अडकतं, नखं जातात. घोटा धरणारे बंद बूट, आत निओप्रीनचे (रबरी फोमचे) मोजे आणि खांद्याएवढी लाकडी काठी, हा संच स्प्रिंगडेलच्या दुकानांत भाड्यानं मिळतो. मुलांच्या मापाचे आदल्या संध्याकाळीच घेऊन ठेवा. जीन्स आणि सुती कपडे नकोत. बाहेर ३८ अंश असलं तरी घळीत ऊन उतरत नाही, ओलं कापड अंगावर राहिलं की पोरं कुडकुडतात. एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून न्या.

पाणी ओलांडताना काठी प्रवाहाच्या वरच्या अंगाला टेकायची. दोन टेकू पक्के झाल्याशिवाय तिसरा हलवायचा नाही. मोठ्या माणसानं मुलाच्या वरच्या अंगाला राहून धार फोडायची, दुसऱ्यानं खाली राहायचं. वळणाच्या बाहेरच्या कडेला डोह असतो, आतल्या कडेच्या गोट्यांच्या पट्ट्यावरून चाला. दोरीनं मात्र कुणाला बांधू नका.

उजळाईवाडी
वरच्या दोघांनी लिहिलंय त्यात पुराचं राहिलं. डोक्यावर निळं आभाळ असलं तरी पंधरा-वीस मैलांवर पाऊस पडला की लोंढा येतो, कारण उघडा कातळ पाणी मुरवत नाही. सप्टेंबर २०१५मध्ये याच पार्कच्या कीहोल घळीत सात जण गेले. हवामान खातं रोज पुराची शक्यता चार पायऱ्यांत देतं. मुलं असतील तर सगळ्यात खालच्या पायरीशिवाय आत पाऊलसुद्धा नको. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहू लागला किंवा वरून घरघर ऐकू आली तर परत पळायचं नाही. जवळची उंच जागा गाठून पाणी उतरेपर्यंत तिथंच थांबायचं.

आणि हे पाणी तोंडात जाऊ देऊ नका. २०२०पासून इथं विषारी सायनोबॅक्टेरिया (शेवाळासारखे दिसणारे जिवाणू) सापडले आहेत. उकळून किंवा गाळून ते विष जात नाही. डुबक्या नकोत, जेवणाआधी नळाच्या पाण्यानं हात धुवा.

कसबा_बावडा
धन्यवाद! मग सासऱ्यांना हॉटेलवरच ठेवायचं का?

रंकाळा_टॉवर
अजिबात नको. शटल बसच्या शेवटच्या थांब्यावर, टेम्पल ऑफ सिनावावाला, उतरलात की रिव्हरसाइड वॉक सुरू होतो. १.६ किमीची बांधीव वाट, शेवटी थोडा चढ. ती जिथं संपते तिथूनच नदीत उतरतात. सासू-सासरे काठावर बसतील, तुम्ही मुलांना मिस्टरी फॉल्सपर्यंत, म्हणजे पाऊण किलोमीटरभर, नेऊन आणा. उलट्या प्रवाहात मुलांबरोबर तेवढ्यालाच तास जातो. नॅरोजमधला वॉल स्ट्रीट नावाचा सगळ्यात अरुंद भाग फार पुढं आहे, या खेपेला सोडा.

स्वच्छतागृह बस थांब्यावरच आहे, पुढं काही नाही. दशम्या-चटणी न्या, पण डबा उघडा टाकू नका, खारी अंगावर येतात आणि चावतात. सकाळी आठच्या आत पार्किंग गाठा. व्हेगासहून निघताना लक्षात ठेवा, युटाचं घड्याळ एक तास पुढं असतं. शेवटची बस चुकली तर १२ किमी पायपीट.

उजळाईवाडी
खर्चाचं एक. गाडीमागे ३५ डॉलर आहेतच, शिवाय २०२६पासून परदेशी पाहुण्यांना, १६ वर्षं आणि त्यापुढच्या, माणशी १०० डॉलर जादा. तुम्ही चौघं मोठे, म्हणजे ४००. परदेशी पर्यटकांचा वार्षिक पास २५० डॉलरला आहे, त्याचा हिशोब आधी घालून बघा.